कार्डिफच्या फुटबॉल टीमला घातलेला हार

गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण आज सांगतो तो ऐकताना चहा नाकातून येईल. कप आधी खाली ठेवा बघू!

वीसेक वर्षं झाली. पुण्याहून वर्क व्हिसावर कार्डिफला नुकताच आलो होतो. इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या सुलभाकाकूंच्या मुक्ताशी माझं जमेल अशी चिन्हं होती. फक्त काकूंचा होकार यायचा होता.

एक दिवस त्यांचा फोन आला. "शनिवारी निखिलच्या कॉलेजात ये. शंभर वर्षांपूर्वीच्या फुटबॉल टीमचा कार्यक्रम आहे. मुक्ताही येतेय."

निखिल मुक्ताचा भाऊ. होस्टेलवर राहायचा, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

आणि ती टीम म्हणजे काय सांगू! अख्ख्या सीझनमध्ये एक मॅच जिंकली नाही पठ्ठ्यांनी, तरी दर शनिवारी चिखलात हजर! कॉलेजला त्याचंच कौतुक.

मी पोचलो तेव्हा काकू अजून पार्किंग शोधत होत्या. हॉलमध्ये टेबलावर एक तपकिरी फोटो. अकरा जण, झुपकेदार मिशा, गुडघ्याखाली लोंबणाऱ्या चड्ड्या. आणि कडेला... अहो, चक्क आपला माणूस!

माझा ऊर भरून आला. त्या काळात इथे आलेला आपला पोर! वरणभातासाठी किती तळमळला असेल! मेल्यावर कुणी एक फूल तरी वाहिलं असेल का?

इथल्या मराठी मंडळाच्या संस्थापकांच्या फोटोला घालायचा चंदनाचा हार माझ्याच गाडीत होता. धावत जाऊन आणला, फोटोला घातला, हात जोडले.

कॉलेजच्या फुटबॉल क्लबचे म्हातारे सेक्रेटरी भारावले. "हाऊ लव्हली! इज इट अ ट्रॅडिशन?"

"येस! फॉर ग्रेट मेन!"

मग काय, माझ्या अंगातच आलं. मी सगळ्यांना दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. हॉलभर गोरी मंडळी माना खाली घालून उभी!

तेवढ्यात दार उघडलं. मुक्ताला घेऊन काकू आत आल्या. फोटो बघितला आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"अरे मेल्या! माझ्या निखिलला हार घातलास?"

"निखिलला?"

त्यांच्या मागून तोच माणूस आत आला! त्याच मिशा, तीच चड्डी! जिला मी श्रद्धांजली वाहिली ती व्यक्ती दारात उभी!

"आई, माझी फोटोला काय झाला?" असं इथे वाढलेल्या पोराच्या मोडक्या मराठीत म्हणत त्याने मिशी उपटून हातात घेतली.

आत्ताच्या पोरांनी हौसेने जुना वेश करून गेल्याच आठवड्यात काढलेला फोटो होता तो. खरा जुना फोटो माझ्या पाठीमागच्या भिंतीवर!

"पुन्हा तोंड दाखवू नकोस मला," काकू कडाडल्या. संपलं सगळं, असं वाटलं. पण मुक्ता हसत सुटली ती खाली जमिनीवरच बसली. तिने आईला कसं पटवलं देव जाणे, पुढच्या वर्षी आमचं लग्न ठरलं.

मांडवात अंतरपाट दूर झाला. मी मुक्ताच्या गळ्यात हार घालायला हात उचलले, तोच मागून सासूबाई सगळ्यांसमोर ओरडल्या,

"जावईबापू, आधी नीट बघा, जिवंत आहे ती!"