विहीर कोमट, तळं गार

सासूनं सुनेचं कवतिक केलं की आमच्या पिंपळगाव रेणुकाईत लोकांच्या दाताखाली खडा येतो. येऊ द्या. मी तुळजाबाई, शिवकन्येची सासू, अन् तिचं कवतिक मीच करणार. दुसऱ्यानं केलं तर ते अर्धंच व्हायचं.

शिवकन्या गंगाकाठची पोर. घनसावंगीकडं गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. चालाया शिकली तशी ती पोहाया शिकली. माझ्या मिथुनसंग लग्न होऊन आली अन् पहिल्याच हिवाळ्यात, भल्या सकाळी गावच्या दगडी विहिरीत उतरली. त्या वक्ताला आमच्या विहिरीतून वाफा निघत्यात. वर दात वाजत असतात, अन् खाली ही बाई आपली निवांत हात मारून राह्यली! अंगात लेगिन, वरून मिथुनचा जुना टी-शर्ट. बाया म्हणल्या, "तुळजाबाई, सुनंला आवरा." अंगभर कपडे होते तिच्या, अन् नसते तरी ह्यांच्या बापाचं काय जात होतं?

पण खरं सांगते, मी बी काठावरून बोंबललेच होते. "बाहेर ये, आधी बाहेर ये!" कारण त्याच विहिरीत माझी धाकटी बहीण सगुणा गेली. आम्ही दोघी बहिणी एकाच घरात दिल्या होत्या. धुणं धुताना पायरीवरून तिचा पाय सटकला. माणसं सगळी राजूरच्या बाजाराला गेल्ती. काठावर आम्ही बाया नुसत्या ऊर बडवत उभ्या, पोहता एकीलाबी येईना. आपल्या डोळ्यांदेखत माणूस खाली जातं अन् आपल्याला काहीच करता येत न्हाई, ते दुःख वैऱ्याला बी नको.

हे शिवकन्येला सांगितलं तर ती रडली न्हाई. म्हणली, "आत्या, गावातल्या सगळ्या पोरींना मी पोहणं शिकवते."

आता गावची विहीर म्हणजे रामप्रसादभाऊंचा शब्द. गावातला बडा माणूस, मनानं वाईट न्हाई, पण उचलली जीभ लावली टाळूला. म्हणले, "विहिरीत कोणी बी डुबक्या मारतं. पौषात तळ्यावर तरुण मंडळाची शर्यत असते. तळं पार करून दाखव, मंग दर रविवारी सकाळी विहीर पोरींची. न्हाई जमलं तर परत विषय काढायचा न्हाई." त्या शर्यतीत आजवर एक बी बाई उतरली न्हवती. भाऊला वाटलं, विषय मिटला.

आम्ही तर हसलोच. जी पौषात विहिरीत पोहते तिला तळ्याचं काय कवतिक! सगळा गाव हेच म्हणत होता. अन् इथंच आम्ही सगळे फसलो.

सरावाला म्हणून पहिल्यांदा तळ्यावर गेलो. सूर्य नुकताच वर आल्ता. शिवकन्येनं विहिरीत मारते तसा बांधावरून बिनधास्त सूर मारला. वर आली ती तोंड वासूनच. दम लागलेला, हात वेडेवाकडे, नाकातोंडात पाणी. कशीबशी काठाला आली अन् माझा हात धरला. माझ्या गंगाकाठच्या सुनंच्या डोळ्यात मी पहिल्यांदा भ्याव बघितलं. "आत्या, छातीनं श्वास माझ्या हातातच ठेवला न्हाई वो."

मी तिला धरून सरळ दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर वंदना मॅडम आधी चिडल्या, मंग नीट समजावून सांगितलं. विहिरीचं पाणी जमिनीच्या पोटातलं, ते हिवाळ्यात बी कोमटच राहतं. वरची हवा गार म्हणून वाफा दिसत्यात. तळ्यावरून मात्र रातभर वारं जातं, तळं गारठून जातं. अशा पाण्यात एकदम पडलं की शरीर आपसूक मोठा श्वास ओढतं. ते भ्याव न्हाई, शरीराचा धर्म आहे. पण त्याच घडीला तोंड पाण्याखाली असलं तर घात. म्हणून सूर बिलकुल मारायचा न्हाई. हळूहळू उतरायचं, श्वास ठिकाणावर येऊ द्यायचा, रोज थोडं थोडं वाढवायचं. शरीर शिकतं.

"अन् हातपाय कामून बधिर होत्यात?" मी इचारलं.

मॅडम म्हणल्या, "मावशी, लाकडं कमी पडली की तुम्ही काय करता?"

म्हणलं, "चुलीशेजारच्या वैलावरचा जाळ चुलीत ओढते. वैलावरचं कोरड्यास थांबलं तरी चालतं, चुलीवरची भाकरी झाली पाहिजे."

"बराबर. शरीर बी तेच करतं. हातापायातली ऊब काळजाकडं ओढून घेतं. अन् एक ध्यानात ठेवा. माणूस पाण्याबाहेर आलं म्हणजे सुटलं असं न्हाई. बाहेर आल्यावर बी थोडा वेळ आतलं अंग गारच होत जातं. खरा धोका तिथंच. तेव्हा चोळायचं न्हाई, गरम पाणी ओतायचं न्हाई, चालवायचं न्हाई. ओले कपडे जल्दी काढा, कोरडं घाला, गुंडाळून बसवा."

जाता जाता मलाच तंबी दिली, "मावशी, तुम्हाला बीपी आहे. तुम्ही तळ्यात पाय घालायचा न्हाई." जशी मी लंगोट कसूनच बसले होते!

तवापासून सकाळी आम्हा दोघींची वारी तळ्यावर. ती पाण्यात, मी बांधावर, मांडीवर गोधडी अन् बाजूला चहाचा थर्मास. आधी घोट्याएवढं पाणी, मंग गुडघाभर, मंग तोंडावर शिपकारे, मंग मानेपर्यंत. पहिल्या पहिल्यानं दम लागायचा, पुढं कमी झाला. मी बघत होते, मॅडमचं खरं होतं. पाण्यात ती धड असायची, अन् बाहेर आल्यावर गोधडीतच तिला हुडहुडी भरायची. मंग हळूहळू गालावर रंग यायचा, अन् ती अशी प्रसन्न हसायची की माझंच मन भरून यायचं. झोप चांगली लागते म्हणायची. लगेच गावात सुरू झालं, गार पाण्यानं गुडघे बरे होत्यात, शुगर जाती. पी हळद अन् हो गोरी! मॅडमनं सांगितलं, बरं वाटतं हे खरं, पण त्याला औषध म्हणू नका, अन् काळजाचा आजार असणारांनी तर लांबच राहा.

शर्यतीच्या दिवशी वारं सुटलं होतं. शिट्टी झाली तशी गडी माणसं धडाधड उड्या मारून पुढं. आमची शिवकन्या पायरी पायरीनं उतरली, तोंडावर पाणी मारलं, श्वास घेत उभी राह्यली. लोक फिदीफिदी हसले. एक जण म्हणला, "बाई भांडी घासाया आली का?" मी त्याच्याकडं असं बघितलं की तो तिथून हललाच.

तळ्याच्या मधोमध दोन दांडग्या गड्यांना नावंत ओढून घ्यावं लागलं. शिवकन्या आपल्या चालीनं, एक हात, मंग दुसरा हात. मी गोधडी, कोरडे कपडे अन् थर्मास घेऊन मिथुनच्या मोटारसायकलवर पलीकडच्या काठाला गेल्ते. सगळ्यात पुढं न्हवती ती. पण आली! पायाखाली माती लागली अन् माझी सून तळ्यातून उभी राह्यली. मी देवीचं नाव घेऊन अशी आरोळी ठोकली की घसाच बसला.

अन् मंग आमच्या लोकांनी कवतिकाच्या नादात तिचा जीवच घेतला असता. पराक्रम करून आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं, फेटा बांधायचा अन् वाजत गाजत न्यायचं, ही आपली रीत. हलगी कडाडली. रामप्रसादभाऊ स्वतः फेटा घेऊन पुढं आले, दिलदार माणूस! त्यांच्या मालकीणबाईंनी चुलीवर ऊन ऊन पाणी करून बंगाळं भरून आणलं होतं. "थांब गं पोरी, पायावर घालते." दोघी जणी हात चोळाया धावल्या. शिवकन्येचे ओठ जांभळे पडलेले. भाऊ म्हणले, "बोल दोन शब्द." ती बोलाया गेली तर जीभ जड, शब्द लटपटले. लोकांना वाटलं, आनंदानं कंठ दाटला. टाळ्या पडल्या.

मला मॅडमचे बोल आठवले. बसक्या घशानंच मी वरडले, "बंद करा ती हलगी! ते पाणी ठेवा खाली! कोणी हात लावायचा न्हाई तिला!"

भाऊ म्हणले, "अहो, मानाचं काम आहे."

"मान गेला चुलीत! माणूस राह्यलं तर मान. भाऊ, तुम्ही मागं फिरा, अन् बायांनो, पदर धरा!"

बायांनी पदराचा आडोसा केला. म्या तिचे ओले कपडे काढले, कोरडं नेसवलं, कानटोपी घातली, गोधडीत गुंडाळली अन् पोटाशी धरून खाली बसले. थोड्या वेळानं ती अशी थरथराया लागली की माझे बी दात वाजू लागले. ऊन पाण्याचं बंगाळं तसंच पडलं होतं. सगळा गाव पाठ फिरवून गुमान उभा होता. पदर धरलेल्या बायांकडं मी बघितलं. काठावरच उभ्या होत्या, पण ह्या बारीला त्यांचे हात कामात होते.

मंग तिनं आपल्या हातानं कप धरला. गोड चहाचा घोट घेतला. गालावर तो रंग आला. अन् पहिला धड शब्द काय काढला? "आत्या, विहीर?"

म्या आडोशातूनच हाक मारली, "भाऊ, माझी सून काय इचारून राह्यली, ऐकलं का?"

पाठमोरेच होते भाऊ. म्हणले, "दिली. तुळजाबाई, विहीर पोरींची." फेटा त्यांनी नंतर बांधला, गोधडीवरूनच. असा फेटा कोण्या गड्याला बी शोभला न्हसल.

रविवारी विहिरीतून वाफा निघून राह्यल्या होत्या. पोरी पाठीला रिकामे डबे बांधून पायऱ्यांवर वळीनं उभ्या. सगळ्यात पुढं रामप्रसादभाऊंची नात आकांक्षा. भाऊनंच तिचा डबा बांधला होता, गाठ तीनदा तपासून.

मी मॅडमला आधीच इचारून आल्ते. तळ्याला मनाई केली, पण बीपीच्या गोळ्या चालू ठेवून कोमट विहिरीत हळूहळू उतरायला ना न्हाई म्हणल्या. म्या लुगड्याचा काचा मारला अन् म्हणलं, "शिवकन्ये, मला बी बांध डबा."

पोरी खिदळल्या. ती न्हाई हसली. गाठ मारली, मला धरून पाण्यात उतरवलं, माझ्या पोटाखाली हात धरला. सगुणा जिथून सटकली तीच पायरी माझ्या मुठीत होती.

"आत्या, मी हाये. सोडा पायरी."

म्या सोडली.