लिफ्टमध्ये सोललेले मटार

आज, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत मी एकटी. लोडशेडिंग रोज अकरालाच असतं, म्हणून वॉचमन आधीच लिफ्ट बंद करतो. आज सेक्रेटरीसाहेबांनी त्याला स्वतःची गाडी धुवायला लावलं होतं.

मंडळी, छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. वाटलं, संपलं. कॉन्व्हेंटमध्ये पाठ केलेली एकही प्रार्थना आठवेना. मी फक्त ओरडले.

वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन सोलायला घेतलेली मटारची पिशवी घेऊनच धावत आल्या आणि जाळीतून मूठभर शेंगा आत सरकवल्या. "छीलो."

"मैं इधर मर रही हूँ और आपको मटर सूझता है?"

"मरना है तो छील के मरो. आधा किलो बाकी है."

मी रागारागाने सोलायला लागले. पदरात दाणे साठत गेले आणि श्वास आपोआप जागेवर आला. लिफ्ट उघडेपर्यंत हंसाबेन जिन्यातच बसून होत्या.

तेव्हा कळलं, भीती लिफ्टची नव्हती. हे गेल्यापासून मी एकटी राहते. हाक मारली आणि कोणी आलंच नाही तर, हे भय मी पोटात घेऊन फिरत होते. आज हाक मारली आणि कोणीतरी आलं. हंसाबेन, तुमचे उपकार विसरणार नाही.

तुम्हाला धडधडतं तेव्हा भीती नेमकी कशाची असते, शोधलंय कधी?

आणि सेक्रेटरीसाहेब, तुमचा मुलगा माझा हा ब्लॉग वाचतो, म्हणून इथेच विचारते: वॉचमन सोसायटीचा की तुमच्या गाडीचा? रविवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी उत्तर हवं. ते घ्यायला मी लिफ्टनेच येईन.