एक हजार चोवीस गुणिले सातशे अडुसष्ट

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यासोबत एका टेबलावर आयुष्यभर चहा प्यायलो त्या गणिताच्या सरांनाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल — बघू.

आधी मी कोण ते सांगतो, कारण चूक तिथूनच सुरू होते. पेडणे तालुक्यात, कोरगावजवळच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायचो. गोवा घटक राज्य झालं त्या सुमारास नोकरीला लागलो. स्टाफरूममध्ये माझी ख्याती अशी, की शाल-श्रीफळ, हारतुरे, निवेदकाच्या चारोळ्या यांची मी यथेच्छ टिंगल करतो. व्यासपीठावरच्या खुर्च्या मोजल्या की संस्थेची प्रकृती कळते — हे माझं वाक्य. लोक हसायचे. मला ते हसणं आवडायचं. जरा जास्तच.

शाळेचा सुवर्णमहोत्सव आला, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. त्यांचं मानपत्र मी लिहायचं, पण लिहिणाऱ्याचं नाव कुठे नको. मी नकार दिला असेल असं वाटतं तुम्हाला? लिहिलं. 'कर्मयोगी' लिहिलं, 'दीपस्तंभ' लिहिलं, ज्ञानगंगा थेट तेरेखोलच्या खाडीपर्यंत आणून सोडली. आणि — इथे हात अडखळतो — मला ते वाचायला आवडलं. दोनदा, तीनदा वाचलं.

संगणक शिकवायला सुलक्षा टीचर होत्या. इब्रामपूरहून बसने यायच्या. नेमणूक कंत्राटी, दर उन्हाळ्यात पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं. शाळेच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि ते त्यांच्याशिवाय कुणाला फारसं कळत नव्हतं. नववीच्या मुलांना घरोघर पाठवून त्यांनी गावाचे जुने फोटो जमवले होते — पेरणीचे, लग्नांचे, काजूच्या भट्टीवरचे. ते समारंभात पडद्यावर दाखवायचे, आणि शेवटी मानपत्र. हे नीट पार पडलं तर तुम्हाला कायम करायचं बघू, असं अध्यक्षांनी त्यांना सांगितलं होतं. सगळ्या स्टाफला ते ठाऊक होतं. मलाही.

प्रोजेक्टर जुना, हट्टी. त्याला एकाच मापाचं चित्र मानवायचं. आदल्या दिवशी खटपट करून टीचरनी ते माप शोधलं, लॅपटॉप त्यावर आणून ठेवला, दोनदा सगळं चालवून बघितलं.

समारंभाच्या दिवशी सगळे जेवायला गेले आणि मी सभागृहात एकटाच राहिलो. लॅपटॉप टेबलावर होता, प्रोजेक्टरची वायर काढून ठेवलेली. मला काय हवं होतं? मी लिहिलेलं मानपत्र बघायचं होतं. फाइल उघडली, अक्षरं बारीक वाटली. डोळे अधू, की मन हावरं — कोण जाणे. सेटिंगमध्ये शिरलो, चित्राच्या मापांच्या यादीतलं दुसरंच एक निवडलं. लॅपटॉपचा पडदा क्षणभर काळा झाला, मग 'दीपस्तंभ' चांगला टपोरा होऊन समोर उभा राहिला. खाली एक चौकट आली — हा बदल ठेवायचा का? शेजारी सेकंद उलटे मोजले जात होते. मी काहीच केलं नसतं, तर यंत्राने आपणहून सगळं पहिल्यासारखं केलं असतं.

मी 'ठेवा' दाबलं.

संध्याकाळी सभागृह भरलं. टीचरनी वायर जोडली आणि पडद्यावर निळा चौकोन आला — निव्वळ निळा, मधोमध सिग्नल जुळत नसल्याची एक इंग्रजी ओळ. त्यांनी वायर काढून पुन्हा लावली. दुसरी वायर आणली. प्रोजेक्टर बंद करून चालू केला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. त्यावरची चिन्हं मोठी झालेली त्यांना दिसली नाहीत — सगळं गाव पाठीवर नजर लावून बसलेलं असताना कुणाला दिसली असती? आदल्या दिवशीच्या स्वतःच्या कामावर त्यांचा विश्वास होता. म्हणून तेवढं सोडून त्या बाकी सगळं तपासत राहिल्या.

मला कळलं होतं का? पहिल्या मिनिटाला. उठून कानात चार शब्द सांगितले असते तरी पुरे होतं. पण मग विचारलं गेलं असतं — सर, तुम्ही लॅपटॉपवर काय करत होता? आणि मानपत्रांना हसणारा माणूस स्वतःच लिहिलेलं मानपत्र मोठं करून बघत होता, हे स्टाफरूमला कळलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी.

अध्यक्ष माझ्याकडे वाकले. "सर, हिका येता मा हे?"

"अनुभव कमी आसा," मी म्हटलं.

हे कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

फोटो दाखवायचे राहिले. मानपत्र कागदावरून वाचलं गेलं, टाळ्या पडल्या. जूनमध्ये संगणक शिकवायला दुसरं कुणी आलं.

टीचरची वही त्या टेबलावर राहिली होती. ती मी उचलली — परत द्यायला, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. पहिल्याच पानावर लाल शाईत, खाली दोन रेघा मारून: प्रोजेक्टरसाठी, १०२४ x ७६८. अजूनही कुठे बँकेत, पंचायतीत प्रोजेक्टर लागला आणि चित्र येण्याआधी ते निळं उजळलं, की मी नजर वळवतो. त्या निळ्यात एक पाठमोरी बाई वायर तपासत असते.

काही वर्षांनी त्या पेडण्याच्या बसस्टँडवर भेटल्या. काजूच्या कारखान्यात हिशेबनीस होत्या. संगणकाला त्यानंतर हात लावला नाही म्हणाल्या, कागदावरच बरं पडतं. बस लागली. जाता जाता त्या वळल्या.

"सर, त्या दिसा माजा काय चुकला, ता माका अजून कळाक नाय."

त्या थांबल्या होत्या. कंडक्टरही थांबला होता. सेकंद जात होते.

"प्रोजेक्टर जुनो होतो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि त्या बसमध्ये चढल्या. वही माझ्या कपाटात आहे.