खाडीच्या मधोमध पाचपरतावण
सुरंगीच्या फुलांच्या वळेसराचा, म्हणजे गजऱ्याचा, वास आला की मला आरोंद्याची खाडी आठवते. पलीकडे गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. मी तिकडची. जत्रेसाठी मावशीकडे थोड्या दिवसांच्या परवान्यावर पाहुणी म्हणून आले आणि इथलीच सून झाले. आईला लग्नाला यायचा परवाना मिळालाच नाही. नाक्यावरचे फौजदार म्हणाले, "लग्न झालं, आनंद आहे. पण एकदा पलीकडे गेलात, तर परत येऊ देतीलच असं नाही." आणि पाचपरतावणाला तर नव्या नवरीने माहेरी जायलाच हवं. सासूबाई उसळल्या, "पाचपरतावण चुकाचा नाय! हिच्या आवशीक होडयेन येवक सांगा, आपण मदीच भेटूया." भरतीच्या पाण्यात दोन होड्या एकमेकींना टेकल्या. काठावरच्या फौजदारांनी पाठ फिरवून विडी शिलगावली. आईने हात धरून मला आपल्या होडीत ओढलं, वळेसर माळला, ओटी भरली. "ये गो बाय, घरा इलंस," म्हणाली. दुसऱ्या होडीतून सासूबाई ओरडल्या, "विहीणबाय, उपाशी धाडू नकात हां!" आता तिथे पूल झालाय. गाडी मधोमध आली की खाली पाण्याकडे बघत माझ्या तोंडून निघतंच, "आये, इलंय गो."