मावशीचं तीव्र बल

साऱ्या दारव्हा तालुक्यात अणुकेंद्रकाची काळजी वाहणारं एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे माझी मावशी, हे मी कुणापुढेही छाती फुगवून सांगते. ती इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर. काम चंचुपात्रं धुण्याचं, तारा गुंडाळून ठेवण्याचं. पण हातात फडकं धरून, मागं उभं राहून तिनं वर्षानुवर्षं भौतिकशास्त्राचे तास ऐकले आणि एकाच प्रश्नानं तिला पछाडलं. केंद्रकातले प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात, तरी एकत्र राहतात कसे? एका लग्नात तिनं बुंदीचे लाडू प्रोटॉन आणि बेसनाचे न्यूट्रॉन मानून व्याह्यांना केंद्रक बांधून ठेवणारं तीव्र बल समजावलं. व्याही पंगत उठेपर्यंत लाडवाला हात लावायला धजले नाहीत. रक्तदाब मोजताना डॉक्टरांनी "काही टेन्शन?" विचारलं, तर म्हणाली, "एकच हाय. न्यूट्रॉन नसते तं आपलं साऱ्यायचं काय झालं असतं?"

मी बारावीला होते तेव्हा आमचे भौतिकशास्त्राचे सर बदलून गेले आणि जागा रिकामीच राहिली. प्राचार्य म्हणाले, केंद्रकाचा धडा ऑप्शनला टाका. हे मावशीला सोसवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला प्रयोगशाळेत बसवलं. माझ्या नव्याकोऱ्या सँडलच्या चरचरणाऱ्या चिकटपट्ट्या मला न विचारता कापून तिनं दोन चुंबकांच्या समान ध्रुवांवर डकवल्या होत्या. चुंबकं जवळ नेली की दूर पळत.

"पाह्यलं? हे प्रोटॉन. आता दाबा जोरानं."

आम्ही दाबली. पट्ट्या भिडल्या आणि चुंबकं घट्ट बसली.

"एकदम जवळ आल्याबिगर हे बल कामच करत नाई. केसभर सुटले का गेले उडून!"

तेवढ्यात दारातून प्राचार्यांचा आवाज आला. "मावशी, हे तुमचं काम आहे का?"

मावशीचा चेहरा उतरला. हे तिच्या नोकरीवर बेतेल, एवढं आम्हालाही कळत होतं.

"नाई सर," ती हळू आवाजात म्हणाली, "पन लेकरायचा धडा राह्यला होता."

प्राचार्य आत येऊन शेवटच्या बाकावर बसले. "बरं, मग न्यूट्रॉन कशाला लागतात?"

"सर, तो कोनालेच ढकलत नाई. चिकटून मात्र राह्यते. म्हनून तर घर टिकते."

प्राचार्य मूळचे इतिहासाचे. त्यांनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं. "उद्या पुढचं घ्या," म्हणाले आणि गेले. मला इतका अभिमान वाटला की सँडलबद्दल भांडायचंही राहून गेलं.

परीक्षेआधी नवे सर रुजू झाले. तो धडा त्यांनी पुन्हा घेतला आणि एका तासात उरकला. मावशी दारापाशी उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी घरी जाताना मी विचारलं, "तू काहून काहीच बोलली नाहीस?"

"मी कायले बोलू? चांगलं शिकवते तो."

घराचं फाटक उघडताना मात्र ती स्वतःशीच म्हणाली, "घाई केली पन त्यानं."