आईचा शालू आणि गंगुबाईंचं फडकं

गंगुबाईंना मी सात वर्षं दारातून परत पाठवलं, हे आधीच कबूल करते.

त्या राहायला ठाकुर्लीला, पण मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत फॉल-पिको आणि रफूचं काम न्यायला येत. खरं काम दसऱ्यानंतर सुरू व्हायचं. पावसाळ्याची ओल गेली की घरोघरी जाऊन ठेवणीतल्या साड्या काढायच्या, सावलीत वारं द्यायचं, घड्या मोडून वेगळ्या जागी घालायच्या आणि मऊ पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवून कपाट लावायचं. "ताई, एकाच घडीवर ऱ्हायली की साडी तिथंच चिरती," असं त्या दर वर्षी सांगत. मी दर वर्षी "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे" म्हणून दार लावत असे. बत्तीस वर्षं बँकेत लॉकर सांभाळलेत मी. वस्तू कशी ठेवायची ते मला कोण शिकवणार!

आमच्याकडे वारा फिरला की एमआयडीसीचा वास घरात येतो. देवाची चांदीची निरांजनं आठवड्यात काळी पडतात, मग शालूच्या चांदीच्या जरीचं काय होईल? म्हणून आईचा लग्नातला शालू मी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातला, मूठभर डांबरगोळ्या टाकल्या आणि पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टीचे तीन वेढे दिले. डोंबिवलीचा वारा आत शिरता कामा नये! आमचे आनंदराव म्हणाले, "अगं शुभदा, शालू आहे की कैरीचं लोणचं?" नवऱ्याच्या विनोदाकडे लक्ष द्यायचं नसतं, मी दिलं नाही.

माझी मुलगी अंतरा लहानपणापासून म्हणायची, लग्नात आजीचाच शालू नेसेन. दुसरा काही हट्ट तिने केला नाही. फेब्रुवारीतलं लग्न ठरलं आणि नोव्हेंबरात मी पिशवी फोडली. कुबट वास आला. माझ्या चिकटपट्टीने आतली ओल आतच कोंडली होती. जर काळवंडलेली, पदरावर पिवळे डाग, आणि उचलायला गेले तर मधल्या घडीवर रेशीम टर्रकन फाटलं. मी पलंगावर बसून लहान मुलासारखी रडले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

गंगुबाईंना कुठल्या तोंडाने फोन करू, म्हणून मी तासभर बसून राहिले. शेवटी आनंदनेच नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

गंगुबाई आल्या. हात धुतले, कोरडे केले, बोटातली अंगठी काढून ठेवली. आता "मी सांगत हुते" येणार, म्हणून मी मान खाली घालून उभी. त्या एवढंच म्हणाल्या, "दम कोंडलाय ह्याचा. दोन दिस वारं खाऊ द्या."

पुढचे दोन महिने दर मंगळवारी त्या येत आणि खिडकीशी बसत. नेसताना आत खोचलं जातं त्या टोकातून शालूचाच एकेक धागा ओढून काढत आणि त्यानेच चीर भरत. त्या टोकाची चार बोटं गेली, पण बाहेरचा एक धागा आत आला नाही. "जर पुरती उजळायची न्हाई, ताई. डागबी थोडं ऱ्हातील." खोटा दिलासा त्यांनी एकदाही दिला नाही. रफू मात्र असं की मांडवात अंतरा उभी राहिली तेव्हा फाटलेली जागा मलाही सापडली नाही. मला फक्त आई दिसत होती.

लग्नानंतर त्या शालू ठेवायला आल्या. पिशवीतून पांढरं फडकं काढलं, एका कडेला बारीक लाल काठ होता. मी म्हटलं, "अहो, मी नवं मलमल आणते."

"नव्याला खळ असती. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलंच पायजे. आमच्या मालकांचं धोतर हाय हे."

त्यांचे यजमान दौलतराव इथल्या रंगाच्या कारखान्यात होते. वर्षभर पँट, पण जुन्नरकडे गावी गेले की धोतर. ते वारल्यावर मागे पाच धोतरं राहिली. गंगुबाईंनी ती फाडून लोकांच्या साड्यांना घातली होती. "ह्यो शेवटचा तुकडा," त्या सहज म्हणाल्या.

"मग तो तरी तुमच्याजवळ ठेवा ना!"

"ट्रंकेत ठिवून काय करू? घडीवर चिरून जाईल. वापरात हाय तवर बरं."

ज्या बाईला मी सात वर्षं उंबरा ओलांडू दिला नाही, तिने आपल्या माणसाचं शेवटचं कापड माझ्या आईच्या शालूला दिलं होतं. मी वाकून नमस्कार केला तर त्याच अवघडल्या.

यंदा दसरा झाल्यावर मीच फोन केला. अंतराही ठाण्याहून आली. शालू पलंगावर पसरला. फडकं मी रिठ्याच्या पाण्यातून काढून गॅलरीत वाळत घातलं. दुपारी ते वाळलं तेव्हा गंगुबाईंनी लाल काठावरून हात फिरवला आणि एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं अंतराच्या. शालू तसाच पलंगावर थांबला. आम्ही तिघींनी मिळून आधी दौलतरावांच्या धोतराची घडी घातली, जुनी मोडून नव्या जागी.