वारा पाठीवर घेऊन

लालबागच्या आमच्या चाळीत मी एकटाच पायलट. लोकांना वाटतं, मी दुबईला वगैरे जातो. मी आपला विमानातून कपाशीवर औषध मारतो, तेही पिकाच्या शेंड्यांना चाकं लागतील इतक्या खालून. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही.

शेताच्या कडेच्या धावपट्टीच्या एका टोकाला औषधाचा टँकर उभा असायचा. नियमाप्रमाणे वाऱ्याला सामोरं उतरलं, तर विमान भलत्याच टोकाला थांबायचं आणि टँकरपर्यंत परत आणावं लागायचं. म्हणून आम्ही सगळेच वारा पाठीवर घेऊन थेट टँकरच्या दिशेने उतरायचो.

त्या दुपारी वाऱ्याला जोर होता. दिसत होतं मला. पण म्हटलं, आपण काय आजचे आहोत? चाकं टेकली, ब्रेक दाबले, तरी मागून वाऱ्याच्या रेट्याने विमान आवरेना. टँकर चुकवायला वळवलं आणि बांधावर आदळलो. पंख मोडला, माझं खांद्याजवळचं हाडही मोडलं.

साहेबांनी दवाखान्यात विचारलं, “ब्रेक लागले नाहीत का?”

“तसंच वाटतं,” मी म्हटलं.

ब्रेक त्याच सकाळी आमच्या मेकॅनिकने बसवले होते. तो घोडपदेवचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला घरी बसवलं गेलं.

आठ दिवसांनी तो बांगड्याचं कालवण घेऊन मला बघायला आला.

“खरं सांग, दाबलेस तेव्हा कसे लागले? मी मनात सारखे खोलतोय नि बसवतोय. चूक सापडत नाय रे. हातांवरचा भरोसाच उडालाय माझा.”

मला स्वतःची किळस आली. त्याच्यासमोरच साहेबांना फोन लावला, स्पीकरवर.

“ब्रेक ठणठणीत होते. वारा पाठीवर घेऊन उतरलो. चूक माझी.”

“लेखी द्याल? उड्डाणं बंद होतील तुमची.”

“देतो.”

दोस्त ताडकन उठला. “मेल्या! आठ दिवस मी माझेच हात बघत बसलोय!” डबा उचलून तरातरा निघून गेला.

पुढचा हंगाम मी जमिनीवर काढला, तो कामावर होता. यंदा पुन्हा उडतोय, आणि उतरतो वाऱ्याला सामोरा, टँकर कुठेही असो. रोज सकाळी तो मला ब्रेक दाबायला लावतो नि विचारतो, “लागले?”

“लागले,” मी सांगतो, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.